यंत्रदेखभाल व मालकाचे दायित्व

कारखान्यातील धोकादायक यंत्रांची देखभाल न झाल्याने कामगार जखमी झाला किंवा दगावला, तर मालकावर येणारी दिवाणी व फौजदारी जबाबदारी. यंत्राला गार्ड (धोकादायक भाग झाकणारे संरक्षक आवरण) बसवला म्हणून मालक मोकळा होत नाही. गार्ड, क्लच, ब्रेक, साखळ्या सुस्थितीत राखणे हे त्याचेच कर्तव्य राहते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा दाव्यांना ‘समान सेवे’चा बचाव आडवा येई : सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाल्यास मालक जबाबदार नाही. दुरुस्ती करणारा फिटरही सहकारीच धरला जाई, त्यामुळे देखभालीतील बरीचशी हयगय या बचावाखाली झाकली जाई. त्याचा उगम सामान्यतः प्रीस्टली विरुद्ध फाउलर (१८३७) या निकालात सांगतात. मात्र तो खटला यंत्राचा नव्हता. खाटकाची जादा भरलेली गाडी मोडून त्याच्या नोकराची मांडी मोडली होती. लॉर्ड ॲबिंजर यांच्या निकालपत्रात हा सिद्धांत बीजरूपानेच आढळतो, त्याला नियमाचे रूप हचिन्सन (१८५०) व बार्टन्सहिल (१८५८) या खटल्यांत आले, असे दुसरे मत आहे व तेच अधिक ग्राह्य वाटते. मालकाच्या दायित्वाविषयीच्या १८८० च्या इंग्लिश कायद्याने हा बचाव सैल झाला. ग्रोव्हज विरुद्ध विम्बोर्न (१८९८) या खटल्यात यंत्राला कुंपण नसल्याबद्दल जखमी कामगाराला थेट दावा लावता येतो, असे ठरले. सुरक्षिततेचे काम लायक व्यवस्थापकाकडे सोपवले तरी मालकाची जबाबदारी संपत नाही, हे विल्सन्स अँड क्लाइड (१९३७) या निकालाने पक्के केले.

भारतात यंत्रांभोवती कुंपण घालण्याची तरतूद १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यापासून आहे. मालकाच्या दायित्वाविषयीच्या १९३८ च्या कायद्याने यंत्रे सुस्थितीत न ठेवल्याने झालेल्या इजेबाबत समान सेवेचा बचाव बंद केला. कामगाराने धोका पत्करला होता, असे म्हणणाऱ्या मालकाने तो धोका त्याला नीट समजावला होता हे सिद्ध करणेही आवश्यक ठरले. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ नुसार कुंपण भक्कम असावे, सतत राखलेले असावे आणि यंत्र चालू असताना जागेवर असावे लागे. उद्वाहकांची (लिफ्टची) तपासणी सहा महिन्यांतून एकदा, क्रेन व साखळ्यांची वर्षातून एकदा बंधनकारक होती. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कंपनीचा संचालकच ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणारा व कायद्याने जबाबदार, मानला गेला.

‘सतत राखलेले’ या अटीचे महत्त्व पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून नग बनवणाऱ्या यंत्रावर, कळते. चावीच्या क्लचची चावी (फिरते चाक प्रेसच्या दांड्याशी जोडणारा खिळ्यासारखा भाग) झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचे अस्तर घासले गेले, तर पायाचे पेडल एकदाच दाबूनही प्रेस दुसरा स्ट्रोक मारते. त्या क्षणी कामगाराचा हात तयार नग काढण्यासाठी डायमध्ये असतो. बोटे तुटल्यावर ‘निष्काळजीपणा’ कामगाराच्या माथी मारणे हा उघड अन्याय होय. झिजलेली चावी बदलणे त्याच्या हाती नसते.

१९२३ च्या भरपाई कायद्यात मालकाचा दोष सिद्ध करावा लागत नसे. कामगाराने मुद्दाम गार्ड काढला होता, हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वात चालत नसे. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील (ईएसआय) कामगाराला मात्र लाभ त्या योजनेतूनच मिळतो.

२०२० च्या व्यवसायविषयक सुरक्षा संहितेत कारखाना अधिनियम विलीन करण्यात आला. तिच्यानुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. यंत्राबाबतची हयगय भारतीय न्याय संहितेच्या कलम २८९ खालीही गुन्हा आहे.