वारकरी कीर्तन-प्रवचनाचे शिक्षण

वारकरी संप्रदायात कीर्तन व प्रवचन करू इच्छिणाऱ्यांना दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. त्याचे मानाचे केंद्र म्हणजे आळंदी (जि. पुणे) येथील वारकरी शिक्षण संस्था. विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी ती १९१७ च्या गुढीपाडव्याला स्थापन केली. त्याआधी कीर्तन शिकायचे ते फडावर, म्हणजे एखाद्या महाराजांच्या परंपरेतल्या वारकऱ्यांच्या समूहात, महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे राहून, वर्षानुवर्षे ऐकून. परंपरा त्यानेच टिकली. पण ग्रंथ पहिल्या ओवीपासून अर्थासह लावून देण्याची सोय तिथे नव्हती. जोगमहाराजांनी ती केली, हे त्यांचे मोठे काम.

संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तो विनामूल्य आहे. विद्यार्थी माधुकरी मागून राहत, ही तिथली जुनी रीत. ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, गीता आणि वेदान्ताची परिभाषा समजावी म्हणून निश्चलदासांचा ‘विचारसागर’ हे ग्रंथ शिकवले जातात. जोडीला अभंगांच्या चाली आणि पखवाज.

प्रवचन बसून, बहुधा ज्ञानेश्वरीच्या ओवीवर होते. कीर्तन उभ्याने, एका अभंगावर. ‘जय जय रामकृष्ण हरी’ने सुरुवात, मग विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणारा ‘रूपाचा अभंग’, नंतर निरूपणाचा अभंग घेऊन त्याचे एकेक चरण सोडवायचे. बोललेल्या प्रत्येक मुद्द्याला संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते, आणि खरी परीक्षा तिथेच असते. बुवांनी प्रमाणाचा पहिला शब्द उच्चारला की मागचे टाळकरी ते उचलतात, पखवाजावर थाप पडते, चरण गाऊन पुरा होतो. प्रमाण चुकले तर ते सर्वांत आधी पाठीमागे उभ्या असलेल्यांना कळते. म्हणूनच या शिक्षणात वक्तृत्वाआधी पाठांतर येते. आवाज गोड नसला तरी निभावते, पाठांतर कच्चे असेल तर मात्र कीर्तन उभेच राहत नाही.

जोगमहाराजांच्या शिष्यांपैकी सोनोपंत (मामा) दांडेकर हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कॉलेजात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस ज्ञानेश्वरीवर प्रवचने करी. दोन्हीकडची विद्या एकाच ठिकाणी नांदल्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. आळंदीत आता अशा अनेक संस्था आहेत, मुलींसाठीही आहेत.

शिक्षण पुरे झालेले विद्यार्थी गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत उभे राहतात. कीर्तनाची बिदागी घ्यावी का, हा वाद तिथे हमखास निघतो. ‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें’ असे तुकोबांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि त्याच अभंगाच्या शेवटी द्रव्य घेणारे व देणारे दोघेही नरकाला जातात असे म्हटले आहे. बिदागीविरुद्ध बोलणारे आजही हाच अभंग पुढे ठेवतात.