क्वेकर पणजोबा युद्धात ‘सेवेत’ होते, म्हणजे नेमके काय करत होते?

पहिल्या महायुद्धातला एखादा ब्रिटिश कागद हाती येतो. त्यावर नाव, पलटण, शिपाई क्रमांक आणि हुद्दा : प्रायव्हेट. घराण्याची माहिती जमवणारा माणूस वहीत लिहून मोकळा होतो, ‘पणजोबा फौजेत होते.’ घराणे क्वेकर, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, असेल तर इथेच थांबायला हवे. त्या पणजोबांनी खाकी सदरा अंगाला लागूही दिला नसेल, आणि तो कागद तयार झाला असेल तोच मुळी कोर्ट मार्शलसाठी.

हा घोटाळा जानेवारी १९१६च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यातून आला. १८ ते ४१ वयाचे अविवाहित पुरुष २ मार्चपासून आपोआप भरती झाले, असे या कायद्याने धरून टाकले. मे महिन्यात विवाहितांनाही त्यात ओढले. ‘माझ्या विवेकाला पटत नाही, मी लढणार नाही’ अशी हरकत घेण्याची मुभा त्याच कायद्यात होती. त्यासाठी स्थानिक न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागे. पूर्ण सूट क्वचितच मिळे. कुणाला अटीवर सूट, कुणाला फक्त बंदुकीपासून सूट, म्हणजे फौजेतच बिनलढाऊ काम. अर्ज फेटाळला आणि माणूस छावणीत हजर झाला नाही की पोलीस घरी येत, दंडाधिकारी बहुधा दोन पौंड दंड करून त्याला फौजेच्या हवाली करी. बराकीत पुढ्यात गणवेश ठेवला जाई. तो घालायला नकार दिला की कोर्ट मार्शल, मग तुरुंग. शिक्षा संपली की परत त्याच पलटणीत, परत तोच गणवेश, परत तोच नकार. या सगळ्या काळात फौजेच्या लेखी तो शिपाईच होता. जून १९१६ मध्ये फ्रान्समध्ये नेलेल्या अशा ३५ जणांना मृत्युदंड ऐकवला गेला आणि तिथल्या तिथे तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला. त्यांत क्वेकरही होते. त्यांचे लष्करी कागद वरवर चाळले तर तेही फ्रान्सच्या आघाडीवर ‘गेलेले’च दिसतात.

त्याआधीची अडीचशे वर्षे त्या मानाने सरळ आहेत. युद्धाला नकार देणारे प्रसिद्ध निवेदन राजाला दिले ते ‘१६६०च्या अकराव्या महिन्यात’. इथे नोव्हेंबर समजण्याची चूक हमखास होते. १७५२ पर्यंत क्वेकर मार्चला पहिला महिना म्हणत, त्यामुळे अकरावा म्हणजे जानेवारी, आणि आजच्या हिशेबाने साल १६६१. चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

अठराव्या शतकात चिठ्ठ्या टाकून मिलिशियात, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या राखीव फौजेत, माणसे घेत. ज्याचे नाव निघे तो क्वेकर स्वतः जात नसे आणि बदली माणसाचे पैसेही भरत नसे. मग घरातल्या वस्तू जप्त होत. कोणती थाळी नेली, किती चीज नेले, गाय किती किमतीची होती, हे सारे पंथाच्या स्थानिक सभेचा चिटणीस ‘हालअपेष्टां’च्या वहीत उतरवून ठेवी. जो फौजेत गेला किंवा ज्याने हत्यारांचा धंदा केला त्याचे सभासदत्व काढून घेतल्याचा ठराव मासिक सभेच्या, म्हणजे पंथाचा कारभार पाहणाऱ्या दरमहाच्या बैठकीच्या, इतिवृत्तात सापडतो. बर्मिंगहॅमच्या एका बंदूक कारखानदारावर १७९६ मध्ये हीच पाळी आली. मराठीत याला ‘वाळीत टाकणे’ म्हणण्याचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. असा माणूस उपासनेला येऊन बसू शकत होता, घरच्यांशी त्याचे नाते तुटत नव्हते. कारभाराच्या सभेत मात्र त्याला स्थान नसे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात असे काढलेले काही जण फिलाडेल्फियात एकत्र आले आणि त्यांनी १७८३ मध्ये आपले स्वतंत्र सभागृहच बांधले.

१९१४ नंतर इतिवृत्तावरून माणूस ओळखण्याची ही सोय राहिली नाही. लढायच्या वयाच्या ब्रिटिश क्वेकर पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश फौजेत गेले आणि बहुतेक सभांनी त्यांना काढले नाही. म्हणजे इतिवृत्त कोरे आहे म्हणून पणजोबांनी नकारच दिला असेल, असे धरता येत नाही. या एक तृतीयांशाबद्दल घराघरांत फार कमी बोलले गेले. तुरुंगात गेलेल्या काकांची गोष्ट नातवंडांपर्यंत पोचली, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रणांगणात, चिखलात पडलेल्या काकांची पोचली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता त्या शब्दाकडे येऊ. इंग्रजी कागदांतला ‘सर्व्ह्ड’ हा शब्द तीन वेगळ्या माणसांना एकाच पंगतीला बसवतो. एक फौजेत गेलेला, दुसरा जखमींची शुश्रूषा करणारा, तिसरा शिक्षा भोगणारा. त्यात क्वेकरांच्या आपल्या बोलीत हाच शब्द सभेने सोपवलेल्या कोणत्याही कामाला लागतो, अगदी चिटणिसाच्या कामालाही. मराठीत निदान ‘शिक्षा भोगली’ वेगळे पडते, पण ‘सेवा’ आपल्याकडेही लष्कराची, रुग्णाची आणि देवाची, तिन्हींची असते. म्हणून शोध घेताना हा शब्द उतरवून घेऊ नये. त्याच्या शेजारी तारीख आणि ठिकाण लिहावे.

सर्वांत जास्त गोंधळ मधल्या माणसाबद्दल होतो. ऑगस्ट १९१४ मध्ये एका तरुण क्वेकराने पत्र लिहून रुग्णवाहिका पथकाची कल्पना मांडली. सप्टेंबरात बकिंगहॅमशायरमधल्या जॉर्डन्स इथे प्रशिक्षण झाले आणि ३१ ऑक्टोबरला चाळीसेक जण फ्रान्सच्या डंकर्क बंदराकडे निघाले. वाटेतच पाणबुडीच्या माऱ्याने बुडणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसे त्यांनी पाण्यातून वर घेतली. डंकर्कला रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या शेडमध्ये जखमी फ्रेंच शिपाई गवतावर रांगेने पडलेले होते, बऱ्याच जणांच्या जखमांवरची पट्टी कित्येक दिवस बदललेली नव्हती. तिथून काम सुरू झाले. पुढे रुग्णालये, रुग्णनौका, रुग्णांच्या आगगाड्या आणि फ्रेंच फौजेला जोडलेले गाड्यांचे ताफे, असा पसारा वाढला. कामाला पगार नव्हता.

भांडण उभे राहिले ते १९१६ मध्ये. सक्ती आल्यावर पथकाच्या चालकांनी सरकारशी बोलून तोडगा काढला. न्यायाधिकरणाने माणसाला ‘पथकात राहील तोवर’ या अटीवर सूट द्यायची. शेकडो तरुण तुरुंगापासून वाचले. पण पथकातल्याच काहींना हे सहन झाले नाही. त्यांचे म्हणणे असे की, आजवर आम्ही आपखुशीने आलो होतो, आता हेच काम सक्तीच्या यंत्राचा एक भाग झाले. मी गाडी चालवायला बसलो की तिथला चालक बंदूक घेऊन पुढे पाठवला जातो. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे की, रक्ताने माखलेल्या माणसाला उचलताना तो बरा होऊन काय करील हे कुणी विचारू नये. दोन्ही बाजू मनापासून बोलत होत्या. तरी माझ्या मते पहिल्या मुद्द्याला सरळ उत्तर तेव्हाही मिळाले नाही. क्वेकरांच्या वार्षिक सभेने, म्हणजे देशभरच्या सर्वोच्च सभेने, या पथकाला कधीच आपले अधिकृत अंग मानले नाही, हेही विसरता येत नाही.

डंकर्कच्या त्या शेडमध्ये पहिल्या दिवसांपासून राबलेला एक जण १९१६ मध्ये राजीनामा देऊन मायदेशी परतला, पूर्ण सूट मागितली, ती मिळाली नाही आणि दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. १९१४ साली आघाडीवर असलेल्यांना मिळणारे पदक त्याच्याही नावावर आहे. पदकांच्या सूचीत तो ‘युद्धवीर’, कोर्ट मार्शलच्या वहीत ‘गुन्हेगार’. एकाच वहीवर भिस्त ठेवणाऱ्याला त्याचे अर्धे आयुष्य दिसणारच नाही.

पदकावरून आणखी एक गैरसमज होतो. पथकात गेलेला प्रत्येक जण क्वेकर नव्हता. इतर पंथांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही त्यात होते. सुदैवाने पथकातल्या प्रत्येकाचे एक कार्ड असे. कधी आला, कुठे नेमला, कधी सोडले, हे त्यावर असते आणि ती कार्डे आता इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

बाकी दप्तराची अवस्था मात्र वाईट आहे. न्यायाधिकरणांची बहुतेक कागदपत्रे १९२१ मध्ये सरकारी हुकमाने नष्ट झाली. मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधल्या लोदियन-पीबल्सचे संच नमुन्यादाखल राखले. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात शिपायांच्या सेवानोंदींचा निम्म्याहून मोठा भाग जळाला. म्हणून गावच्या वर्तमानपत्रातले न्यायाधिकरणाचे वृत्त आणि मासिक सभेचे इतिवृत्त, हेच खरे आधार उरतात. मतदारयादीही पाहावी : १९१८च्या कायद्याने नकार देणाऱ्या अनेकांचा मताचा हक्क पाच वर्षांसाठी काढून घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धात पथक पुन्हा उभे राहिले. गणवेशाचा वादही परत आला. पथकाने खाकी घातली, तर वार्षिक सभेच्या मदतकार्यात गेलेल्यांनी करडा रंग निवडला आणि त्यावर १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातल्या मदतीपासून चालत आलेला लाल-काळा आठ टोकांचा तारा लावला. जुन्या फोटोत बाहीवर हा तारा दिसला तर तो माणूस मदतकार्यातला, एवढे समजायला पुरे. पथकाची एक तुकडी चीनमध्ये औषधांचे ट्रक हाकत होती. दुसरी १९४२ मध्ये कलकत्त्याला आली, गांधीजींचा एक जुना क्वेकर मित्र तिच्यासोबत होता. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले, पाठोपाठ दुष्काळ आला आणि हवाई हल्ल्यांच्या तयारीसाठी आलेली ही माणसे मुलांना दूध वाटू लागली. त्यांच्या कार्डांवर ‘भारत’ एवढेच असेल, तर त्यापुढचा शोध बंगालच्या १९४२-४४च्या मदतकार्याच्या कागदांत घ्यावा लागतो.