त्रेपन्न हजारांची मॅच आणि मग पन्नास वर्षांची बंदी: डिक, कर लेडीजची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२३ मध्ये लंडनला आर्सेनल आणि चेल्सी या फुटबॉल क्लबांच्या बायकांच्या टीमच्या मॅचला ५९,०४२ लोक आले तेव्हा बायकांच्या लीगमधल्या गर्दीचा नवा रेकॉर्ड म्हणून बराच गाजावाजा झाला. रेकॉर्ड खराच होता. पण इंग्लंडमध्ये बायकांच्या क्लबच्या मॅचला पन्नास हजारांवर माणसं १९२० सालीच येऊन गेली होती, आणि ती गर्दी खेचणारा क्लब होता एका कारखान्यातल्या कामगार पोरींचा, डिक, कर लेडीज.

नाव विचित्र वाटतं कारण ती दोन आडनावं आहेत, डिक आणि कर, दोघे स्कॉटिश. त्यांच्या कंपनीचा कारखाना लँकेशायरमधल्या प्रेस्टन गावात, काम ट्राम आणि रेल्वेचं सामान बनवायचं. (पुढे ही कंपनी इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेली. आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांना हे नाव माहीत असणारच, मुंबई-पुणे घाटातली डब्ल्यूसीएम ही विजेची इंजिनं आठवा.) प्रेस्टन तसं आधीपासूनच फुटबॉलचं गाव, इंग्लंडची पहिली लीग १८८८-८९ ला एकही मॅच न हरता जिंकली ती इथल्याच प्रेस्टन नॉर्थ एंडने.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले, कारखान्यात तोफगोळे बनायला लागले आणि ते बनवायला बायका भरती झाल्या. १९१५ ला पुरुषांची लीगही बंद पडली, म्हणजे मैदानं रिकामी आणि शनिवारी करायला काही नाही अशी परिस्थिती. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात पोरं बॉल मारत बसायची, त्यात पोरीही घुसल्या. कपडे बदलायच्या खोलीच्या छोट्या चौकोनी खिडक्या हे टार्गेट, पोरांनी आधी काच फोडली तर पोरींनी त्यांना वुडबाइन सिगारेटचं पाकीट द्यायचं आणि पोरींनी फोडली तर पोरांनी फाइव्ह बॉइज चॉकलेट. काचांचा खर्च कोण भरायचं देव जाणे. मग ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईने पुढाकार घेतला, पोरांशी रीतसर मॅच लावली, आणि ऑफिसात काम करणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंडच्या डोक्यात आलं की यातून जखमी सैनिकांसाठी पैसे उभे करता येतील.

फ्रँकलंड हा माणूस पक्का होता. आवारात किंवा बागेत मॅच न लावता त्याने थेट नॉर्थ एंडचं डीपडेल मैदान २० पौंड भाड्याने घेतलं आणि तारीख धरली १९१७ चा नाताळ. समोर दुसऱ्या एका कारखान्यातल्या पोरी, बघायला दहा हजार माणूस, आणि डिक, कर लेडीज ४-० ने जिंकल्या. खर्च जाऊन २०० पौंडांच्या आसपास रक्कम जखमींच्या हॉस्पिटलला गेली. अशा टीम तेव्हा बऱ्याच कारखान्यांत होत्या, युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं आणि बहुतेक टीम मोडल्या. ही मोडली नाही, कारण फ्रँकलंड आता आजूबाजूच्या चांगल्या खेळाडू हेरून त्यांना प्रेस्टनला नोकरी लावून आणत होता आणि मॅचला दहा शिलिंग खर्चाचे म्हणून देत होता.

अशीच हेरलेली लिली पार. सेंट हेलेन्सची, जन्म १९०५ चा, टीममध्ये आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधराची, उंचीला आडदांड, लेफ्ट विंगर म्हणजे डाव्या कडेने पुढे खेळणारी, आणि डाव्या पायाचा फटका असा की त्या काळच्या त्या जड चामड्याच्या बॉलला तो कसा काय जमायचा याचं पुरुष खेळाडूंनाही कोडं पडायचं. करिअरमध्ये नऊशेच्या वर गोल केले म्हणतात. चॅरिटी मॅचचा हिशोब इतका चोख कोण ठेवत होतं, म्हणून त्या आकड्यावर मी पैज लावणार नाही, पण अर्धे धरले तरी डोळे पांढरे होतात.

१९२० हे त्यांचं वर्ष. एप्रिलमध्ये फ्रान्सची टीम आली, डीपडेलला पहिल्या मॅचला २५ हजार लोक, मग या पोरी पॅरिसला जाऊन खेळल्या. १६ डिसेंबरला तर चक्क रात्रीची मॅच. फ्लडलाइट वगैरे तेव्हा कुठले, फ्रँकलंडने लष्कराचे दोन सर्चलाइट मागितले, शत्रूची विमानं शोधायला वापरायचे तसले, आणि त्याला परवानगी दिली तेव्हाचे युद्धमंत्री चर्चिल यांनी. अंधारात दिसावा म्हणून बॉलला पांढरा रंग फासला. बारा हजार लोक आले, पैसे गेले युद्धावरून परतून बेकार बसलेल्या सैनिकांना.

दहाच दिवसांनी, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ती मोठी मॅच. समोर सेंट हेलेन्सच्या पोरी, आत ५३ हजार आणि बाहेर जागा नाही म्हणून परत गेलेले आणखी दहा हजारांच्या वर. गंमत म्हणजे डिक, कर लेडीजची मेन स्ट्रायकर फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली! मग कॅप्टन अॅलिस केल, एरवी मागे खेळणारी, सेकंड हाफला पुढे गेली आणि तिने तीन गोलांची हॅटट्रिक मारली, मॅच ४-० ने जिंकली. एका दुपारी जमले ३,११५ पौंड.

१९२१ मध्ये मॅचचं आमंत्रण कुठून येत नव्हतं ते विचारा. ६७ मॅच आणि मिळून नऊ लाखांच्या आसपास प्रेक्षक, आणि हे सगळं आठवडाभर नोकरी करून.

आणि मग ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, ठराव केला की फुटबॉल बायकांना अजिबात योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि आपल्या सदस्य क्लबांनी मैदान देऊ नये. जोडीला आरोप, की चॅरिटीच्या पैशातला फार मोठा वाटा खर्चातच जातो. बायकांना खेळायलाच बंदी होती असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, तसं नव्हतं, बंदी मैदानांवर होती. पण स्टँड, गेट आणि तिकीटखिडकी असलेली मैदानं जवळपास सगळी एफएच्या क्लबांकडेच, म्हणजे नाक दाबलं की तोंड उघडतंच. गेटचे पैसे नाहीत तर चॅरिटी नाही, चॅरिटी नाही तर बोलावणं नाही.

तब्येतीचं कारणही पुढे केलं गेलं. फ्रँकलंडने त्यावर डॉक्टरांनाच मॅच बघायला बोलावलं, आणि एका डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं की दिवसभर ढीगभर कपडे धुण्यात जेवढी इजा होते त्याहून जास्त काही यात होणार नाही. ते कपडे धुण्यावर कुणी बंदी घातली नाही, ही वेगळी गोष्ट.

माझं मत विचाराल तर कारण पैसा आणि ताबा हेच होतं. एवढी रक्कम गोळा होतेय आणि ती आपल्या हातातून जात नाही हे एफएला खुपलं. त्यात १९२१ मध्ये कोळसा खाणीच्या मालकांनी कामगारांना बाहेर काढून टाळं लावलं तेव्हा बायकांच्या टीमनी खाणकामगारांच्या घरच्यांसाठीही मॅच खेळून पैसे जमवले. जखमी सैनिकांसाठी खेळणाऱ्या पोरी सगळ्यांना गोड वाटत होत्या, मालकाशी भांडणाऱ्या कामगारासाठी खेळायला लागल्यावर वरच्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर नवल नाही. हे ठरावात लिहिलेलं नाही, पण बऱ्याच इतिहासकारांनाही हाच संशय आहे.

टीम मात्र चालू राहिली. १९२२ मध्ये कॅनडाला गेल्या तर तिथल्या असोसिएशननेही दार बंद केलं, म्हणून अमेरिकेत गेल्या आणि तिथे चक्क पुरुषांच्या टीमशी नऊ मॅच खेळल्या, तीन जिंकल्या, तीन हरल्या, तीन बरोबरीत. पुढे फ्रँकलंडचं कारखान्याशी बिनसलं, १९२६ पासून नाव झालं प्रेस्टन लेडीज, बऱ्याच जणींना जवळच्या व्हिटिंगहॅमच्या मनोरुग्णालयात नोकऱ्या मिळाल्या, लिली तिथेच नर्स झाली आणि १९५१ पर्यंत खेळत राहिली. फ्रँकलंड १९५७ मध्ये वारला. १९६५ मध्ये पुरेशा खेळाडू मिळेनात म्हणून क्लब बंद झाला. त्यांच्या नावावरचा सांगितला जाणारा हिशोब असा: ८२८ मॅच, ७५८ जिंकल्या, ४६ बरोबरीत, हरल्या फक्त २४.

एफएने बंदी मागे घेतली ती १९७१ मध्ये, क्लब बंद पडून सहा वर्षं झाल्यावर. लिली १९७८ मध्ये गेली. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल म्युझियमच्या हॉल ऑफ फेममध्ये जाणारी ती पहिली बाई, आणि बंदीबद्दल एफएची अधिकृत माफी आली त्याच्याही सहा वर्षांनी, २००८ मध्ये.