पिशवीवरच्या 'टीआर'ची भानगड

इथे न्यू जर्सीत आमच्या मरीन क्लबचं, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांचं, गेट-टुगेदर असलं की सगळी गर्दी कोरलच्या फ्रॅग्जवर, म्हणजे तोडून लावलेल्या तुकड्यांवर. ब्रीडर लोक कोपऱ्यात, थर्माकोलचा डबा घेऊन, त्यात नखाएवढे क्लाउनफिश भरलेल्या पिशव्या आणि पिशवीवर मार्करने 'सीबी' नाहीतर 'टीआर'. परवा एका नवीन मेंबरने सहज विचारलं, कॅप्टिव्ह-ब्रेड (सीबी) काय आणि टँक-रेझ्ड (टीआर) काय, दोन्ही एकच ना? झालं, रॅफल बाजूला राहिली आणि अर्धा तास वाद. म्हणून हे लिहितोय.

जुनं थोडक्यात. १९६० च्या दशकात टँकसाठी समुद्राचं पाणी बनवायचं तयार मीठ मिळायला लागलं आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्यांची सोय झाली. त्याच काळात फिलिपिन्समध्ये सायनाईड मारून मासे पकडणं सुरू झालं, मासा गुंगतो, अलगद हातात येतो आणि आपल्या घरी येऊन काही दिवसांनी कारण न दिसता मरतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात क्लाउन आणि निऑन गोबी ब्रीड झाले, आणि हळूहळू क्लबांमधूनही लोक नाद करायला लागले.

क्लाउन सोपा म्हणतात, पण करून बघा. जोडी कुंडीच्या आतल्या बाजूला नारिंगी अंडी चिकटवते, नर दिवसभर पंखांनी वारा घालत बसतो, आठवडाभराने दिवे गेल्यावर अंधारात पिल्लं सुटतात आणि त्यांना खायला लगेच जिवंत रोटिफर, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले जीव, लागतात. रोटिफरना हिरवं शेवाळाचं पाणी लागतं, म्हणजे गॅरेजमध्ये बादल्या, आणि त्या बादल्यांचा वास. पिल्लांवर पांढरे पट्टे दिसायला लागले की घरातले म्हणतात, आता तरी झोप.

आता तो शब्द. 'कॅप्टिव्ह-ब्रेड' म्हणजे साधारणपणे टँकमध्येच जन्मलेला. 'टँक-रेझ्ड' म्हणजे टँकमध्ये वाढवलेला, जन्म कुठे झाला ते त्यात येतच नाही. फ्रेंच पॉलिनेशियात समुद्रात वाढून रीफवर परत येणारी बारकी पिल्लं रात्री जाळीत धरतात आणि मग टँकमध्ये मोठी करतात, तीही टँक-रेझ्डच. त्यात चोरी काही नाही, तशीही त्यातली बहुतेक पिल्लं समुद्रात खाल्लीच गेली असती, पण ब्रीडिंग मात्र ते नाही. सीहॉर्समध्ये, म्हणजे समुद्री घोड्यांमध्ये, घोळ जास्त. तिथे 'टीआर' म्हणून येणारे पुष्कळदा समुद्राच्या पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात, जिवंत प्लँक्टनवर वाढलेले असतात, म्हणजे जंतू सोबत आणि फ्रोझन मायसिस (टँकमध्ये देतात ती गोठवलेली बारीक कोळंबी) कशाशी खातात माहीत नाही. मी एक जोडी अशीच आणली होती, दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं की टँकमधलीच आहे, दोन महिन्यांत दोन्ही गेले. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

त्यात २००४ पासून सगळे सीहॉर्स वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात आले आणि तिसरीच भाषा सुरू झाली. त्यांच्या कागदांवर 'सी', म्हणजे बंदिस्त जागेत ब्रीड केलेला, असं पाहिजे तर पिल्लू टँकमध्ये जन्मलं एवढ्याने भागत नाही, तिथे पुढची पिढीही होते किंवा ती पद्धत हमखास जमते हे दाखवावं लागतं, नाहीतर 'एफ', म्हणजे तिथे नुसता जन्मलेला. क्लाउन त्या यादीत नाहीत, पण तीच फूटपट्टी लावली तर समुद्रातली जोडी आणून पहिल्यांदाच पिल्लं काढणाऱ्या आमच्या पठ्ठ्यांचं काय? 'सीबी' की नाही? वाद इथेच अडला होता.

पूर्वी हे कोणी मनावर घेत नव्हतं. घेतलं ते टँगमुळे, म्हणजे रीफवरच्या त्या चपट्या, भडक रंगाच्या माशांमुळे. त्यांची अंडी पाण्यात तरंगणारी, पिल्लाचं तोंड इतकं बारीक की रोटिफरही मोठा पडतो, कोपेपॉड नावाच्या बारक्या जीवांची पिल्लं द्यावी लागतात. २०१५ मध्ये हवाईत यलो टँग ब्रीड करणं जमलं, २०१६ मध्ये फ्लोरिडात ब्लू टँग. २०१७ मध्ये हवाईच्या कोर्टाने टँकसाठी मासे पकडण्याच्या परवान्यांवर गदा आणली, २०२१ च्या जानेवारीत उरलंसुरलंही बंद झालं आणि यलो टँगचे भाव कुठच्या कुठे गेले. मग 'सीबी' या दोन अक्षरांना पैसा चिकटला.

आपल्याकडे भारतात सीहॉर्सचा प्रश्नच नाही, २००१ मध्येच तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्युल वनमध्ये गेला, पाळायचाच नाही. क्लाउनचं काम मात्र लक्षद्वीपला अगात्तीत चालू आहे, आणि ऐरोलीलाही हॅचरी झालीय, ठाण्याच्या खाडीकाठी, पुढच्या सुट्टीत जाऊन बघायचीय.

क्लबात शेवटी ठरलं असं की टेबलावर 'टीआर' लिहायचं नाही. 'सीबी' लिहायचं तर अंडी कोणाच्या टँकमधली, कोणत्या जोडीची, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. एकाने तिथल्या तिथे तीन पिशव्या उचलून परत डब्यात ठेवल्या.