जीपीएस मुद्दाम चुकवलं जातं? ते २००० सालीच थांबलं

हातातल्या जीपीएसने नकाशासाठी बिंदू घेणाऱ्यांमध्ये एक समज अजून टिकून आहे: अमेरिकी लष्कर नागरी संदेशांत मुद्दाम घोळ घालतं, त्यामुळे अचूकतेची आशाच नको. एके काळी हे खरं होतं. त्या घोळामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. पण मे २००० मध्ये तो बंद झाला, आणि २००७ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं की पुढच्या पिढीच्या उपग्रहांत ती सोयच नसेल.

आजची चूक येते ती मुख्यतः आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून) येताना संदेशाला होणाऱ्या उशिरामुळे आणि कड्यांवर, इमारतींवर आपटून आलेल्या संदेशांमुळे. सह्याद्रीच्या घळीत आकाशाचा अरुंद पट्टाच दिसतो. तिथे महागडं यंत्रही चाचपडतं. या चुका सावकाश बदलतात. म्हणूनच एका जागी दोन मिनिटं थांबून काढलेली सरासरी फारसं काही सुधारत नाही, तीच चूक पुन्हा पुन्हा मोजली जाते. तास-दोन तासांनी, उपग्रह सरकल्यावर, परत येऊन मोजा, फरक पडतो. उपग्रहांच्या एल१ आणि एल५ अशा दोन वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरी पकडणारं यंत्र आयनांबरातला उशीर स्वतःच ताडतं. भारतात ‘गगन’ या जीपीएसची चूक कमी करणाऱ्या यंत्रणेच्या उपग्रहांवरून दुरुस्त्याही मिळतात, यंत्रात ती सेटिंग चालू हवी.

आणि जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर बिंदू सरकलेले दिसले, तर आधी डेटम, म्हणजे जागा मोजायला पृथ्वीचा कोणता आकार पाया धरलाय ते, तपासा. ते नकाशे ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या डेटमवर आधारलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस८४ या डेटमवर.