आयआयएम अहमदाबाद: पदवी नसतानाही

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था अर्धशतकाहून अधिक काळ एमबीएची पदवी देत नव्हती, कारण तो अधिकारच तिला नव्हता. 11 डिसेंबर 1961 रोजी तिची नोंदणी सोसायटी म्हणून झाली. पदवी हवी तर विद्यापीठाशी संलग्न व्हा आणि अभ्यासक्रमापासून परीक्षेपर्यंत त्याच्या तंत्राने चाला, असा तो काळ. संस्थेने त्यापेक्षा पदव्युत्तर पदविका पत्करली.

पाठीशी केंद्र व गुजरात सरकार, शास्त्रज्ञ विक्रम साराभाई, उद्योगपती कस्तुरभाई लालभाई आणि अमेरिकेचं फोर्ड फाउंडेशन होते. (कोलकात्याची आयआयएम महिनाभर थोरली, तिचा सहयोग अमेरिकेतल्या एमआयटीशी.) अहमदाबादने हार्वर्डचा हात धरला आणि तिथली केस पद्धत आणली.

केस म्हणजे एखाद्या कंपनीचा खरा पेचप्रसंग, आकडेवारीच्या तक्त्यांसह, निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबवलेला. विद्यार्थी आधी एकट्याने आकडेमोड करतो, मग गटात वाद घालतो आणि शेवटी वर्गात भूमिका मांडतो. हे बिघडतंही लवकर. लिहिताना उत्तर आधीच सुचवलं तर चर्चा मरते. प्राध्यापक व्याख्यान देऊ लागला तरी तेच. वर्गातल्या सहभागाला गुण असल्याने काही जण उगाच तोंड घालतात; कॅम्पसच्या बोलीत त्याला ‘डीसीपी’, म्हणजे डेस्परेट सीपी (क्लास पार्टिसिपेशन) म्हणतात. शिवाय अमेरिकी केस परवाना आणि टंचाईच्या भारतात किती पुरणार? प्राध्यापकांना इथल्या उद्योगांत जाऊन केस लिहाव्या लागल्या. संस्थेची खरी पुंजी तीच.

1965 मध्ये पहिले पूर्णवेळ संचालक झालेल्या रवी मथाईंकडे पीएचडी नव्हती. त्यांनी अभ्यासक्रम व मूल्यमापनाचे निर्णय प्राध्यापकांच्या हाती ठेवले. 1972 मध्ये ते आपणहून पायउतार झाले आणि तिथेच प्राध्यापक म्हणून शिकवत राहिले. माजी संचालकाने सहकाऱ्यांच्या रांगेत परत बसणं आपल्याकडे आजही विरळाच.

कॅम्पसचे वास्तुविशारद लुई कान यांच्या विटांच्या कमानींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही.

2017 चा आयआयएम कायदा जानेवारी 2018 मध्ये लागू झाला आणि पदवीचा अधिकार मिळाला. संचालक नेमण्याचा अधिकारही नियामक मंडळाकडे आला. 2023 च्या दुरुस्तीने मात्र राष्ट्रपतींना ‘व्हिजिटर’ केलं. आता संचालक नेमण्यापूर्वी मंडळाला त्यांची मंजुरी घ्यावी लागते.