नांगराचा एकच फाळ खोल का जातो?

दोन फाळांच्या नांगरानं एक तास (फाळानं पडणारी चर) खोल आणि शेजारचं उथळ पडायला लागलं, की जुन्या ट्रॅक्टरचा मालक पहिला संशय हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबानं नांगर उचलणाऱ्या लिफ्टवर घेतो. तेल गळत असेल, पंप दमला असेल, बोलवा मिस्त्रीला. तेल बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. लिफ्टचा पिस्टन एकच, तो फिरवतो तो आडवा दांडाही एकच, आणि डावा-उजवा हात त्याच दांड्याच्या दोन टोकांना. तेल गळलं तर दोन्ही हात सारखेच खाली येणार. नांगर एकाच अंगाला कलत असेल, तर खोट लोखंडात शोधायची.

माती उजवीकडे टाकणाऱ्या साध्या नांगराचं घ्या. नांगरताना उजवी चाकं आधीच्या तासात चालतात. तास 20 सेंटिमीटर खोल आणि डाव्या-उजव्या चाकांत 130 सेंटिमीटर अंतर धरलं, तर ट्रॅक्टर जवळपास 9 अंशांनी कलतो. नांगरही तसाच कलू दिला, तर 30 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन फाळांच्या खोलीत साडेचार सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून उजवा लिफ्ट रॉड, म्हणजे लिफ्टच्या हातापासून खाली येऊन नांगराची ती बाजू पेलणारा दांडा, फिरवून आखूड करायचा. ती बाजू उचलली जाते आणि नांगर जमिनीला समांतर येतो. जुन्या ट्रॅक्टरवर नेमके याच रॉडचे आटे गंजून जाम झालेले असतात. त्यावर डिझेल सोडून रात्रभर ठेवावं, हातोडा नंतर.

मागून पाहिल्यावर नांगर सरळ दिसतो, तरी पुढचा फाळ खोल घुसतो? मग टॉप लिंक बघा, म्हणजे नांगराचा माथा ट्रॅक्टरला जोडणारा मधला दांडा. हॅरी फर्ग्युसन यांनी रुजवलेल्या तीन टोकांच्या जोडणीतलं हे वरचं टोक. ती आखूड केली की नांगर नाकावर झुकतो, लांबवली की मागचा फाळ खोल जातो. तिची पीन आणि भोक झिजलेलं असेल, तर कितीही आटे फिरवा, पहिल्याच झटक्याला माप बदलतं.

नांगराचीच खोड आहे का, ते सिमेंटच्या सपाट जागेवर कळतं. मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी, दोन्ही लिफ्ट रॉड एकाच लांबीचे, सांगाडा पुढून-मागून समतल, आणि नांगर हळूच टेकवायचा. एका फाळाचं टोक अधांतरी राहिलं, तर तो फाळ झिजलाय किंवा सांगाडा वाकलाय. उचललेल्या नांगराखाली मात्र हात घालू नये, इंजिन बंद असलं तरी.

पलटी नांगराला यातलं एक लागू नाही: तो दोन्ही बाजूंना फिरतो, म्हणून लिफ्ट रॉड कायम सारखेच ठेवायचे. कल साधायचा तो नांगराच्या डोक्यावरच्या बोल्टांनी.